अर्ध्या मिनिटाचे मांडे

मोहिनी गांगुर्डे या बाईनं बावीस वर्षं नाशिक जिल्ह्याचं बोलणं ऐकलं आणि त्यातलं एक अक्षर बाहेर सांगितलं नाही. हा विक्रम कुठं नोंदला गेला नाही, कारण नोंदणाऱ्याचा त्यावर विश्वास बसला नसता. कुणाचं ठरलेलं लग्न कशावरून मोडलं, मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन एकदम गप्प का झाले, सभेत टेबल बडवणारा कोणता पुढारी घरी फोनवर खाली मान घालून 'हो, आणतो, कोथिंबीर पण आणतो' म्हणतो, हे सगळं तिच्या पोटात होतं. भिशीला बायका तिच्या ताटलीत दोन चकल्या जास्त ठेवायच्या आणि हळूच विचारायच्या, "मग काय गं मोहिनी, काय नवीन?" मोहिनी चकल्या खायची, वर चहा प्यायची आणि सांगायची, "काही नाही बाई, उकाडा फार वाढलाय."

तिची नोकरी ट्रंक एक्सचेंजमधली. त्या काळी गावाहून मुंबईला बोलायचं तर एकशे ऐंशी नंबर फिरवून कॉल बुक करायचा आणि मग तासभर फोनकडे बघत बसायचं. ऑपरेटर दोन्ही टोकं जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की मध्येच येऊन विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" आवाज नीट पोचतोय की नाही हे तपासायला तिला अधूनमधून लाइनवर कान लावावा लागे. तो किती वेळ लावायचा हे ज्याच्या त्याच्या कामसूपणावर. मोहिनी फार कामसू होती.

पुढं गल्लोगल्ली पिवळे पीसीओ आले, लोक आपले आपणच नंबर फिरवायला लागले आणि एक्सचेंजमधला बोर्ड मुका झाला. मोहिनीला तक्रारीच्या खिडकीवर बसवलं. तिथंही दिवसभर ऐकायचंच काम, पण त्यात काही राम नव्हता. एकजात सगळे 'डायलटोन नाही' एवढंच सांगायचे. दोन हजार सहा साली तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि इंदिरानगरच्या घरात येऊन बसली. नवरा धनराज प्रेसमध्ये नोकरीला, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. माणूस मुळात कमी बोलणारा, म्हणजे ऐकणारीच्या दृष्टीनं अगदीच कुचकामी.

तेव्हा घरात नवीन इंटरनेट आलं होतं आणि त्यावर मोहिनीला 'ओसरी' सापडली. मराठी माणसांनी लिहायची आणि मराठी माणसांनीच वाचायची साइट. कुणी शारजात बसून आजोळच्या विहिरीवर लिहितोय, कुणी पुण्यात बसून शारजातल्या उकाड्यावर लिहितोय, आणि खाली बाकीचे प्रतिसाद देतायत. खऱ्या नावानं कुणीच नाही. मोहिनीनं 'एकशे ऐंशी' हे नाव घेतलं. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, हा आपला रक्तदाब आहे का?

तिनं पहिला लेख टाकला तो खिडकीवरच्या तक्रारींवर. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर टाकला आणि वरणाला फोडणी द्यायच्या आत चार वेळा उघडून बघितला. प्रतिसाद शून्य. दुपारी वाचनांचा आकडा बेचाळीस झाला, पण त्यातली तीस-पस्तीस आपलीच आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी एक प्रतिसाद आला: 'छान. पुलेशु.' पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, हे कळायला तिला दोन दिवस लागले. ते दोन दिवस तिला ही शिवी वाटत होती.

पुढच्या लेखाच्या वेळी तिनं बंदोबस्त केला. धनराजला खुर्चीवर बसवून त्याचंही नाव नोंदवलं.

"काय लिहू?" धनराजनं विचारलं.

"जे वाटतं ते लिहा. मी काही सांगणार नाही. फक्त 'अप्रतिम' शब्द असू द्या."

"वाचायला लागेल का?"

"आज आमटी हवीय ना?"

धनराजनं एका बोटानं, पाऊण तास खपून, 'अप्रतिम, डोळ्यांत पाणी आले' असं लिहिलं. लिहिलं ते नेमकं शेजारच्या धाग्यावर, कुणा बाईच्या मिरचीच्या लोणच्याच्या कृतीखाली. त्या बाईनं त्याचे आभार मानले आणि पाणी येऊ नये म्हणून मिरच्या तेलात परतायचा सल्ला दिला. मोहिनी दोन दिवस धनराजशी बोलली नाही. त्याला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

असे सहा-सात लेख झाले. 'छान', 'आवडले', एक हसरा चेहरा, यापलीकडे गाडी जाईना. मोहिनीला खोटं लिहिता यायचं नाही आणि खरं लिहायचं तर ते सगळं कानात कुलूपबंद. शेवटी गणपती उठल्यावर एका सकाळी तिनं कुलूप जरासं किलकिलं केलं. नावं बदलली, गाव बदललं, आणि 'अर्धं मिनिट' ही गोष्ट लिहिली.

खरी हकीकत एक्याण्णव सालची. पिंपळगाव बसवंतचे धोंडीरामशेठ द्राक्षांचे व्यापारी. हंगामात रोज संध्याकाळी सातला त्यांचा मुंबईला ट्रंककॉल असे, तिथल्या आडत्याकडे. अडीच मिनिटं ते गाडीचं आणि मालाचं बोलत. मग म्हणत, "घे गं, अर्धं मिनिट राहिलं," आणि फोन बायकोच्या हातात देत. त्यांची मुलगी पूजा नुकतीच लग्न होऊन मुंबईला गेली होती. जावई त्याच आडत्याकडे कामाला, बिऱ्हाड गाळ्याच्या वरच, त्यामुळे सातला पोरगी खाली येऊन फोनपाशी उभी राहायची. दुसरी एखादी आई त्या अर्ध्या मिनिटात रडली असती. पण शेठची बायको सगुणाबाई ही बागलाणातल्या नामपूरची लेक. तिनं ठरवलं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला पोरीनं सासरच्यांना पुरणाचे मांडे करून घालायचे. सासरची माणसं साताऱ्याकडची, त्यांनी मांडा कधी बघितला नव्हता. मांडे भाजायचं मातीचं खापर द्राक्षांच्या गाडीतून, पेट्यांच्या मध्ये गवतात गुंडाळून, मुंबईला रवाना झालं. आणि कृती रोज अर्धं अर्धं मिनिट फोनवरून जाऊ लागली. पहिल्या दिवशी गहू कोणता. दुसऱ्या दिवशी पीठ फडक्यातून कसं गाळायचं. तिसऱ्या दिवशी ते किती सैल भिजवायचं. चौथ्या दिवशी पोरीनं शंका विचारली आणि त्यातच वेळ संपला. अशा दहा संध्याकाळी. मोहिनीची दुपारपाळी असायची. तीन मिनिटं झाल्यावर मध्ये यायचं ती हटकून विसरायची, त्यामुळे सगुणाबाईचं अर्धं मिनिट नाशिकच्या घड्याळात पाऊण व्हायचं. अकराव्या संध्याकाळी मांडा हातांवर कसा वाढवायचा ते सांगायचं होतं. सगुणाबाईनं 'हे बघ, आता दोन्ही हात' एवढं म्हटलं आणि कसारा घाटात कुठंतरी लाइन तुटली. ती जोडली जाईपर्यंत आखाजी होऊन गेली होती.

मोहिनीनं गोष्टीत शेवट मात्र आपल्या पदरचा घातला. पोरीला आपोआप जमलं, मांडा झाला तो असा पातळ की पलीकडची सासू दिसावी, आणि सासू थक्क. ऑपरेटर गोष्टीत कुठंच नव्हती.

त्या दिवशी वरणाला फोडणी बसायच्या आत नऊ प्रतिसाद आले. रात्रीपर्यंत चाळीस. आठवड्यानं चौसष्ट, आणि त्यातला 'छान' एकही नाही, सगळे दोन-दोन ओळींचे. मोहिनीनं ते छापून घेतले आणि देवघराच्या खणात ठेवले. मग ओसरीचा संपादक रविराज, हा तिकडं शारजातच असायचा, त्याची मेल आली: ताई, ही गोष्ट आमच्या दिवाळी अंकात पहिलं पान म्हणून घेतो. अंकात टोपणनाव चालत नाही. खरं नाव आणि एक फोटो पाठवा.

खरं नाव. मोहिनी धनराज गांगुर्डे, आणि तेही पहिल्या पानावर. बावीस वर्षांत हजारो लोकांनी तिचा आवाज ऐकला होता आणि एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. तिला सगळे 'ओ ऑपरेटर' म्हणायचे, आणि कॉल लागला नाही की आणखी काही म्हणायचे. ती मोरपंखी साडी नेसून कॉलेज रोडच्या स्टुडिओत गेली. फोटोवाला म्हणाला, "मावशी, पासपोर्टला हसायचं नसतं." ती म्हणाली, "पासपोर्ट नाही, लेखिकेचा आहे." तो म्हणाला, "मग हनुवटीखाली हात घ्या."

फोटो पाठवला आणि तिसऱ्या दिवशी गोष्टीखाली पासष्टावा प्रतिसाद आला.

'मांडे जमले नव्हते. फाटले. सासूबाईंनी गोळा केला आणि आम्ही तो चमच्यानं खाल्ला. ही माझी आणि माझ्या आईची गोष्ट आहे. आम्ही दोघींनी कुणाला सांगितलेली नाही. तुम्हाला कशी कळली? पूजा, वाशी.'

त्यानंतर ओसरीवर जे झालं त्याला तिथले लोक चर्चा म्हणत. 'ठसका' नावाच्या कुणी लिहिलं की दुसऱ्याची आठवण ढापून स्वतःच्या नावावर खपवणाऱ्यांचं हल्ली पीक आलंय. दुसऱ्यानं विचारलं, पुरावा काय. तिसऱ्यानं मांडे आणि पुरणपोळीत फरक काय ते विचारलं आणि त्यावर वेगळेच चाळीस प्रतिसाद झाले. रविराजची मेल मात्र साधी आणि सभ्य होती: ताई, मला तुमच्याबद्दल शंका नाही. पण अंक शुक्रवारी बांधायचाय. गोष्ट तुम्हाला कुठून मिळाली ते चार ओळींत लिहा. लिहायचं नसेल तर गोष्ट बाजूला ठेवतो, राग मानू नका.

मोहिनी दुपारभर खुर्चीत बसून राहिली. गप्प राहावं तर लोकांच्या लेखी चोर. खरं सांगावं तर चोर नाही, पण त्याहून वाईट: आख्ख्या जिल्ह्याचं बोलणं चोरून ऐकणारी बाई. बावीस वर्षांच्या तोंडाच्या कुलपावर पाणी. नाशकातले निम्मे लोक हिशोब करत बसतील की आपण त्या काळात फोनवर काय काय बोललो होतो.

धनराज घरी आला तेव्हा चहा झालेला नव्हता. यावरून त्यानं प्रकरण गंभीर आहे हे ओळखलं. तिनं सगळं सांगितलं.

"मग सोडून दे," धनराज म्हणाला. "दुसरी गोष्ट लिही. तुझ्याकडं काय कमी आहेत का."

"तीच पहिल्या पानावर घेतलीय त्यांनी."

"नाव पाहिजे तुला."

"पाहिजे," मोहिनी म्हणाली. "का, असू नये?"

धनराजनं विचार केला. तो विचार करतो तेव्हा कान खाजवतो. "मग खरं सांगून घे. चोरलेल्या गोष्टीवर नाव घालण्यापेक्षा चोरून ऐकल्याच्या गोष्टीवर नाव बरं. दुसरी चोरी निदान तू स्वतः केलीय."

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदा बोलला होता. मोहिनीनं उठून आधी चहा टाकला. मग टायपायला बसली. तिनं रविराजला मेल केली नाही. सरळ गोष्टीखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं:

'मी नाशिकच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. पिंपळगावचा सातचा कॉल मी जोडायचे आणि ऐकायचे. ऐकायला नको होतं. ऐकलं, आवडलं, आणि सोळा वर्षांनी लिहिलं. शेवट माझ्या मनाचा आहे, कारण तुमचे मांडे फाटले असतील ही कल्पना मला सोसवली नाही. पूजाताई, तुम्ही म्हणाल तर गोष्ट काढून टाकते. मोहिनी गांगुर्डे.'

आणि मशीन बंद करून ती चक्क दूध आणायला गेली.

पूजाकडून दोन दिवस काही नाही. ठसक्याकडूनही नाही, तो बहुधा आपल्या जुन्या ट्रंककॉलची उजळणी करत असावा. गुरुवारी सकाळी फोन वाजला. पलीकडून म्हाताऱ्या पण खणखणीत बाईचा आवाज आला.

"तूच का ती तीन मिनिटवाली?"

मोहिनीनं आवाज ओळखला. "सगुणाकाकू?"

"पूजीनं त्या अंकवाल्या पोराकडून नंबर घेतला तुझा. तिनं मला समदं वाचून दाखवलं फोनवर. तासभर लागला. आता काय, कोणी टोकत नाय."

"काकू, माझं चुकलं. मी ऐकायला नको होतं."

"आता का सांगते? मला तव्हाच माहीत व्हतं ना."

"काय माहीत होतं?"

"तू ऐकते ते. तिसऱ्या दिसाला मी पीठ भिजवायचं सांगितलं, अन् मीठ सांगायची इसरले. तर मधूनच बारीक आवाज आला, 'आणि मीठ?' मी म्हनलं पूजी इचारते. मंग ध्यानात आलं, पूजीला कुठली एवढी अक्कल? तिच्या बापाला इचारलं, तर ते म्हनले तू काय सपनात हाय का."

हे मात्र मोहिनीनं लेखात घातलं नव्हतं आणि कबुलीतही घातलं नव्हतं. धनराजलासुद्धा सांगितलं नव्हतं. ऑपरेटरनं मध्ये बोलायचं ते फक्त तीन मिनिटांचं. आणि तिनं कळ दाबून, फक्त पिंपळगावच्या बाजूला ऐकू जाईल असं, मीठ विचारलं होतं, कारण बिनमिठाचं पीठ ताणलं की तुटतं आणि पोरीचं सासरी हसं झालं असतं. त्यानंतर ती आठ दिवस आपल्यावर कारवाई होणार म्हणून धास्तावलेली होती.

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?" तिनं विचारलं.

"काय सांगू? चांगली बाई शे, मीठ इचारते, म्हनून तक्रार करू? उलट मी त्या दिसापासून हळू बोलाया लागले. म्हनलं, तीबी लिहून घेत असंल तर घेऊ दे. घेतलं व्हतं का?"

घेतलं होतं. कॉल नोंदायच्या तिकिटांच्या पाठीवर. घरी करूनही बघितलं होतं, तव्यावर, आणि धनराजनं ते जाड धिरडं समजून लोणच्याशी खाल्लं होतं.

"मंग आता ऐक," सगुणाबाई म्हणाली. "तुझ्या गोष्टीत दोन चुका हाईत. डाळ किती शिजवायची ते उलटं लिवलं, अन् मांडा काय आपोआप जमत नसतो. सोळा वरसं झाली, पूजीला अजून जमत नाय. उद्या इकडं ये. तिलाबी बोलावलंय, दिवाळीचीच येते. दोघींना संगं शिकवते."

"आणि गोष्ट छापू ना काकू? माझ्या नावानं?"

पलीकडं जरा वेळ शांतता. बावीस वर्षं लोकांच्या शांतता ऐकलेली बाई ती, पण ही शांतता कसली ते तिला ओळखता येईना.

"तुझं नाव घाल," सगुणाबाई म्हणाली. "पन माझंबी घाल. गोष्ट सांगितली कोनी? मी. तू तर फुकटात ऐकली."

शुक्रवारी मोहिनी सकाळच्या एसटीनं पिंपळगावला गेली. पूजा दारातच उभी होती. चाळिशीच्या आतबाहेरची, चष्मा लावलेली. मोहिनीनं 'मी मोहिनी' एवढंच म्हटलं. पूजा म्हणाली, "तुमचा आवाज मी कुठंही ओळखला असता. तुम्ही 'तीन मिनिटं झाली' म्हणायचात ना, मला फार राग यायचा तुमचा."

"मी उशिरा म्हणायचे," मोहिनी म्हणाली.

"तेव्हा लवकरच वाटायचं."

सगुणाबाईनं मग दोघींना ओळीनं उभं करून, सोळा वर्षांपूर्वी तुटलेलं अर्धं मिनिट अडीच तास शिकवलं. दोन पुऱ्यांत पुरण, कडा दाबायच्या, मग या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, घाबरायचं नाही. पूजाचा पहिला मांडा चुलीत गेला. मोहिनीचा खापरावर पोचला, पण नकाशासारखा. धोंडीरामशेठ ओट्यावरून म्हणाले, "पोटात गेल्यावर काय गोल अन् काय वाकडा," आणि सगळे फाटके मांडे दुधात कुस्करून त्यांनीच संपवले. संध्याकाळी पूजानं गावातल्या सायबर कॅफेतून दोन ओळी टाकल्या: 'मोहिनीताईंनी माझं काही चोरलेलं नाही. त्यांना आईनं स्वतः सांगितलेलं आहे, मुद्दाम सावकाश बोलून.' मोहिनीनं तिथंच बसून डाळीची चूक दुरुस्त केली, शेवट खरा लिहिला, चमच्यासकट, आणि मीठसुद्धा घातलं. रविराजनं अंक दोन तास थांबवून ठेवला होता.

पहिल्या पानावर दोन नावं आली. लेखन मोहिनी गांगुर्डे, नाशिक. सांगणं सगुणाबाई मोरे, पिंपळगाव बसवंत. फोटो एकाच बाईचा, हनुवटीखाली हात घेतलेला. नवा शेवट जुन्यापेक्षा बरा आहे असं ठसक्यानंही लिहिलं. त्यानं आणखीही विचारलं होतं की ताई मनमाडचे कॉलसुद्धा तुमच्याचकडून जायचे का. मोहिनीनं त्याला नुसता हसरा चेहरा पाठवला.

इंदिरानगरात बातमी पोचायला दिवाळीचा फराळ वाटायचा तेवढाच वेळ लागला. नंतर महिनाभर मोहिनी दुधाच्या केंद्रावर गेली की रांगेतल्या बायका आवाज खाली आणायच्या. भिशीत चकल्या दोनाच्या तीन झाल्या, पण आता काही विचारायला नव्हे, तर जुनं काही आठवत असेल तर विसरावं म्हणून. मोहिनीला त्याचं वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं तिची चाल बघायला हवी होती. पिशवी हलवत अशी जायची, की जणू मागून कुणी छत्र धरलंय.

समोरच्या बंगल्यातली मीना मात्र वेगळी निघाली. ती रोज साडेदहाला, बरोबर मोहिनी कपडे वाळत घालते त्या वेळी, कंपाउंडपाशी येऊन मोबाइलवर आपल्या बहिणीशी बोलायला लागली. सासूचं, जावेचं, वास्तुशांतीला झालेल्या भांडणाचं, सगळं सविस्तर, मोठ्यानं आणि फार सावकाश. मधूनमधून ती थांबायची आणि कुंपणापलीकडं बघायची.

"हळू बोल गं जरा, आख्ख्या गल्लीला ऐकू जातंय," एकदा मोहिनीच तिला म्हणाली.

"असू दे हो ताई," मीना म्हणाली. "फक्त नाव घालाल तेव्हा माझं पूर्ण घाला. आडनावासकट."